ऑनलाइन थेरपिस्टसोबत काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे भारतातील कायदे आणि सोयी गृहीत धरून, प्रौढ वाचकांसाठी लिहिली आहेत. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आणि मुलांच्या पालकांसाठी स्वतंत्र प्रश्न घेतले आहेत. स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या जिवाला या क्षणी धोका वाटत असेल, तर पुढे वाचत न बसता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर किंवा तातडीच्या मदतीसाठी ११२ वर फोन करावा.

मला कोणताही मानसिक आजार नाही. तरीही थेरपिस्टकडे जाण्यात अर्थ आहे का?

आहे. थेरपी सुरू करण्यासाठी आजाराचे निदान हातात असावे लागत नाही. रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारच्या कामाची धास्ती वाटणे, आईवडिलांच्या आजारपणात रजा आणि नोकरी यांची ओढाताण होणे, बाळ झाल्यावर स्वतःसाठी अर्धा तासही न उरणे, बदलीच्या गावी मन मोकळे करायला कोणीच नसणे, स्पर्धा परीक्षेचा आणखी एक प्रयत्न हुकल्यावर गावी तोंड दाखवू नये असे वाटणे, ही सगळी थेरपिस्टसमोर मांडण्याजोगी कारणे आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येला विचार, भावस्थिती, आकलन किंवा स्मृती यांतला इतका मोठा बिघाड अभिप्रेत आहे, की त्याने माणसाची निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाचे भान किंवा रोजचे व्यवहार पार पाडण्याची क्षमता गंभीरपणे ढासळावी. रोजचे ताण या व्याख्येत बसत नाहीत आणि नेमके त्यामुळेच ते वर्षानुवर्षे अंगावर काढले जातात.

त्रास दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे का, आणि झोप, भूक, काम किंवा जवळच्या माणसांशी असलेले संबंध यांपैकी कशावर त्याचा परिणाम होऊ लागला आहे का, एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. नैराश्याच्या चाचपणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावलीही मागील दोन आठवड्यांबद्दलच विचारते. मात्र अशी प्रश्नावली मोबाइलवर स्वतः भरून आलेल्या गुणांना निदान समजू नये. सततचा थकवा आणि उदासपणा यांमागे कधी थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असते. शाकाहारी घरांतून ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांकडून एकदा रक्ततपासणी करून घेणे, हे थेरपी टाळण्याचे निमित्त न ठरता तिच्या तयारीचा भाग ठरावे.

कोणत्या परिस्थितीत ऑनलाइन थेरपी पुरेशी ठरत नाही?

आत्महत्येची योजना मनात तयार असणे, नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवते आहे अशी पक्की खात्री वाटणे, कित्येक रात्री झोप न होताही अंगात प्रचंड उत्साह असणे, दारू किंवा अन्य व्यसन सोडताना हातपाय थरथरणे वा झटके येणे, खाण्यावरून वासना उडून वजन झपाट्याने घटणे: यांपैकी काहीही असल्यास पडद्यावरच्या भेटीवर विसंबू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे. मोठ्या सरकारी आणि महाविद्यालयीन रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. शिवाय ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. घरातच मारहाण होत असेल, तर दुसऱ्या खोलीत मारणारी व्यक्ती असताना होणारे ऑनलाइन सत्र धोक्याचे ठरू शकते. तेव्हा आधी सुरक्षित जागेचा विचार करावा लागतो.

आत्महत्येचे विचार येतात असे सांगितले तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाते का?

असे विचार मनात येणे हा भारतात कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्नाच्या बाबतीतही २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आहे आणि तिची काळजी घेण्याची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. थेरपिस्ट हे विचार ऐकल्यावर ते किती वेळा येतात, काही योजना आहे का, घरात साधने आहेत का असे थेट प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांनी विचार बळावत नाहीत, उलट ते मोकळेपणाने बोलता आल्याने बहुतेकांना हलके वाटते. धोका खरोखर जवळ आला आहे असे दिसल्यास थेरपिस्ट तुम्ही आधी दिलेल्या आपत्कालीन संपर्काला कळवतात. तो संपर्क कोणाचा द्यायचा, याचा निर्णय म्हणूनच पहिल्या सत्राआधी शांतपणे घ्यावा.

मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांत फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. नंतर मानसोपचार या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध लिहून देण्याचा अधिकार या तिघांत केवळ त्यांनाच असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयीन प्रशिक्षण घेतात. आजवर प्रामुख्याने एम.फिल. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यासाठी होता. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशक किंवा समुपदेशन मानसशास्त्रज्ञ बहुधा एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेले असतात आणि रोजच्या ताणांपैकी बराच भाग त्यांच्या कामाच्या कक्षेत येतो. ‘थेरपिस्ट’ ही पाटी या सर्वांनाच लावता येते. अडचण अशी, की यांपैकी काहीही न शिकलेल्या माणसालाही ती लावता येते.

मग पात्रता तपासायची कशी?

या प्रश्नावर थोडा अधिक वेळ खर्च करावा, कारण आपल्याकडील कायद्याची चौकट अजून घडते आहे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे किंवा संबंधित राज्याच्या परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे नाव पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत शोधता येते. समुपदेशकांसाठी मात्र अशी सर्वमान्य नोंदणी दीर्घकाळ नव्हती. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात वर्तनविषयक आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांचा समावेश केला. तरीही एखाद्या समुपदेशकाचे नाव कोणत्याही सरकारी यादीत सापडले नाही, एवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही. त्याच न्यायाने एखाद्या ॲपवर त्याच्या नावापुढे निळी खूण दिसली, म्हणून तो पात्रही ठरत नाही.

अशा वेळी सरळ विचारावे. पदव्युत्तर पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि कोणत्या विषयातली आहे? प्रत्यक्ष देखरेखीखाली किती काळ काम केले? आजही एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून स्वतःच्या कामाची तपासणी करून घेता का? कोणत्या पद्धतीने काम करता, आणि माझ्यासारख्या अडचणी पूर्वी हाताळल्या आहेत का? चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही. पंधरवड्याच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र, ‘अवचेतन मन बदलून देऊ’ असे आश्वासन, ‘पाच सत्रांत नैराश्य कायमचे दूर’ अशी हमी, किंवा पहिल्याच दिवशी वर्षभराचे पैसे आगाऊ भरण्याचा आग्रह दिसला, तर तिथून निघून यावे. व्यासपीठावरून प्रेरणादायी बोलणे हे कौशल्य असेल, पण बंद खोलीत एका माणसाचे ऐकून घेणे हे निराळे शिक्षण आहे.

समोरासमोर बसण्याइतकाच उपयोग पडद्यावरून होतो का?

सौम्य ते मध्यम स्वरूपाची चिंता आणि नैराश्य यांच्यासाठी बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलण्याची पद्धत, इंग्रजीत सीबीटी) व्हिडिओ कॉलवरून दिल्यास त्याचा परिणाम प्रत्यक्ष भेटीतील उपचाराच्या जवळपास येतो, असे अनेक तुलनात्मक अभ्यासांत आढळले आहे. थेरपिस्ट आणि तुमच्यात विश्वासाचे नाते जुळते का, याचा परिणाम दोन्हीकडे सारखाच मोठा असतो. काही गोष्टी पडद्यावर हरवतात, हेही खरे आहे. मांडीवर आवळलेल्या मुठी कॅमेऱ्यात दिसत नाहीत, आणि नेट अडखळल्यामुळे आलेली शांतता व बोलणे सुचत नसल्यामुळे आलेली शांतता यांतला फरक थेरपिस्टला लगेच कळतोच असे नाही. ‘आत्ता मी रडते आहे’ किंवा ‘हा प्रश्न मला आवडला नाही’ हे येथे शब्दांत सांगावे लागते. दुसऱ्या बाजूला, गडचिरोलीतल्या शिक्षिकेला किंवा सिंधुदुर्गातल्या दुकानदाराला पात्र माणूस शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. गावातल्या एकमेव दवाखान्याबाहेरच्या बाकावर ओळखीचे कोणी भेटेल ही धास्तीही उरत नाही, आणि लहान गावात ही सोय फार मोठी असते.

पहिल्या सत्रात काय होते?

सत्र साधारणपणे ४५ ते ६० मिनिटांचे असते. सुरुवातीला थेरपिस्ट गोपनीयतेच्या अटी, शुल्क, सत्र रद्द करण्याचा नियम, आणि कॉल तुटल्यास कोणी कोणाला फोन करायचा हे सांगून तुमची संमती घेतात. तुम्ही आत्ता कोणत्या गावात, कोणत्या पत्त्यावर बसला आहात हेही विचारले जाते. ते चौकशीखोरपणाने नव्हे, अडचणीच्या वेळी मदत कुठे पाठवायची हे माहीत असावे म्हणून. त्यानंतर त्रास कधीपासून आहे, घरी कोण कोण असते, झोप कशी आहे, पूर्वी काही उपचार झाले आहेत का, अशी माहिती घेतली जाते. सगळे एकाच दिवशी सांगून टाकण्याची गरज नाही. मात्र सध्या सुरू असलेली औषधे, दारू-तंबाखूचे प्रमाण आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार या तीन गोष्टी लपवू नयेत.

पुढच्या सत्रांत नेमके कोणते काम चालते? नुसत्या गप्पांना एवढे पैसे का द्यायचे?

समजा, एका बँक कर्मचाऱ्याला मासिक आढाव्याच्या बैठकीत साहेब म्हणाले, ‘हा अहवाल पुन्हा करा.’ त्या रात्री त्याला झोप लागली नाही आणि पुढच्या बैठकीच्या दिवशी त्याने आजारपणाची रजा टाकली. तो सांगताना म्हणतो, ‘साहेबांमुळे मला टेन्शन आले.’ थेरपिस्ट त्याला मधला टप्पा शोधायला लावतात: ते वाक्य ऐकल्यावर मनात पहिल्यांदा काय आले? बहुधा उत्तर मिळते, ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये, झाली म्हणजे मी नालायक.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा सगळा भर या मधल्या टप्प्यावर, म्हणजे घटनेला आपण लावलेल्या हटवादी अर्थावर आहे. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवण्याचे मोठे काम कि. मो. फडके यांनी केले, आणि ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठी लेखनातून आणि व्याख्यानांतून सर्वसामान्यांपर्यंत नेली. त्यामुळे मराठी वाचकाला ही भाषा अगदीच अनोळखी वाटू नये. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेली बोधात्मक पद्धत हिच्या शेजारचीच आहे. तिच्यात अशा विचाराला पुरावा काय, विरोधी पुरावा काय, हे वहीत मांडून तपासले जाते.

मग काम घरी दिले जाते. या कर्मचाऱ्याला आठवडाभर तीन रकाने भरायला सांगितले जातील: काय घडले, मनात काय आले, त्यानंतर काय केले. पुढच्या आठवड्यात कदाचित मुद्दाम एका सहकाऱ्याला अपूर्ण मसुदा दाखवायला सांगितले जाईल. उदासपणामुळे सगळेच सोडून दिलेल्या व्यक्तीला विचारांपेक्षा कृतीकडून सुरुवात करायला लावतात: सकाळी वीस मिनिटे चालणे, बंद पडलेला तबल्याचा रियाज आठवड्यातून दोनदा, मैत्रिणीला एक फोन. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये अशा कृतिप्रधान समुपदेशनाचा प्रयोग केला होता. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक, बिगर-डॉक्टर समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रे घेतली आणि त्याने नैराश्यात लक्षणीय सुधारणा झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ती सत्रे ऑनलाइन नव्हती. तरीही थोडक्या, आखीव सत्रांनी आणि मधल्या दिवसांतल्या कृतीने काय साधते, हे त्यातून दिसते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी थेरपिस्ट तुमच्यासोबत असतो जेमतेम एक तास. वही न उघडता केवळ त्या एका तासाची वाट पाहणाऱ्याला दोन महिन्यांनी ‘काही फरक पडला नाही’ असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो दोष पडद्याचा नसतो.

थेरपिस्ट स्पष्ट सल्ला का देत नाहीत? वेगळे राहावे की नाही एवढे सांगून का टाकत नाहीत?

आपल्याकडे अडचण घेऊन मामाकडे, गुरुजींकडे किंवा ऑफिसातल्या ज्येष्ठांकडे जाण्याची रीत आहे आणि ते निर्णय देतात. थेरपिस्टकडूनही तीच अपेक्षा घेऊन लोक येतात आणि तिसऱ्या सत्रापर्यंत हिरमुसतात. सासू-सासऱ्यांपासून वेगळे राहावे का, या प्रश्नाचे उत्तर थेरपिस्टने दिले, तर त्या निर्णयाचे परिणाम भोगण्यासाठी तो त्या घरात असणार नाही. त्याचे काम निराळे असते. ‘नाही’ म्हणताना घसा का कोरडा पडतो, नवऱ्याशी हा विषय काढायचा झाल्यास पहिले वाक्य कोणते असेल, आणि कोणत्या तडजोडी तुम्ही स्वखुशीने करता व कोणत्या भीतीपोटी, हे तो तुमच्याबरोबर उलगडतो. काही वेळा संवादाची तालीमही करून घेतो. झोपेच्या सवयी, श्वसनाचे व्यायाम, कायदेशीर मदत कुठे मिळेल, अशा बाबतींत मात्र सरळ माहिती देण्यास त्याने कचरू नये. प्रत्येक प्रश्नाला ‘तुम्हाला काय वाटते?’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर ही तक्रार त्याच्यासमोर अवश्य मांडावी.

घरात एकांतच नाही. दोन खोल्यांच्या घरातून बोलणार कसे?

ही ऑनलाइन थेरपीतील सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण आहे आणि परदेशी लेखांतून दिलेला ‘शांत खोली निवडा’ हा सल्ला चाळीत किंवा एकत्र कुटुंबात राहणाऱ्याच्या काही कामाचा नाही. लोक यातून आपापल्या वाटा काढतात. इमारतीच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीत बसून, दुपारी रिकाम्या असलेल्या गच्चीवर, ऑफिसच्या लहान बैठकीच्या खोलीत, वाचनालयामागच्या बागेत, किंवा घरातली मंडळी मंदिरात अथवा फेरफटक्याला गेल्यावर सत्रे होतात. चालती दुचाकी किंवा स्वतः चालवत असलेली गाडी मात्र जागा म्हणून धरू नये. आपले बोलणे ऐकू जाईल अशी भीती असल्यास इयरफोन लावावेत, पंखा मोठा करावा किंवा दाराजवळ रेडिओ लावून ठेवावा. ऐकणे प्रत्यक्ष आणि उत्तर टंकून देणे असे मिश्र सत्रही चालते. कोणी अचानक खोलीत आल्यास वापरायचा एखादा निरुपद्रवी सांकेतिक शब्द थेरपिस्टसोबत आधीच ठरवावा. तो उच्चारताच थेरपिस्ट विषय बदलतात.

घरच्यांना सांगायचे की नाही, हा तुमचा निर्णय आहे. सांगितल्याने एकांत मिळवणे सोपे होते. सांगणे शक्यच नसेल, तर ‘कामाचा कॉल आहे’ असे म्हणण्यात अपराधी वाटून घेऊ नये.

मी सांगितलेले गुप्त राहते का?

२०१७ च्या अधिनियमाच्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या आरोग्याबाबत गोपनीयतेचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यांवर तो पाळण्याचे बंधन आहे. इतर कोणाला इजा होण्याचा किंवा जिवाचा धोका टाळणे आणि न्यायालयासारख्या सक्षम अधिकाऱ्याचा आदेश, असे मोजके अपवाद तेथे दिलेले आहेत. समुपदेशक याच तत्त्वांना व्यावसायिक नीती म्हणून बांधील असतात. आणखी एक अपवाद २०१२ च्या पॉक्सो कायद्यातून येतो: अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास त्याची माहिती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि थेरपिस्टही त्यातून सुटत नाही. नवरा, आई किंवा वरिष्ठ यांनी फोन करून ‘ती तुमच्याकडे येते का?’ असे विचारल्यास तुमच्या संमतीवाचून काहीही सांगता येत नाही.

तरीही माहिती फुटते ती बहुधा थेरपिस्टच्या तोंडून नव्हे, तर फोनमधून. घरातल्या सामाईक मेलवर आलेली सत्राची आठवण, टीव्हीला जोडलेल्या मोबाइलवर झळकलेली सूचना, संयुक्त बँक खात्यातील देयकाच्या तपशिलात आलेले दवाखान्याचे नाव, मुलांच्या हाती असलेला फोन: या वाटा आधी बंद कराव्यात. स्वतंत्र मेल खाते उघडावे आणि फोनच्या बंद पडद्यावर सूचनेचा मजकूर दिसणार नाही अशी व्यवस्था करावी. ॲपमार्फत सेवा घेत असाल, तर संभाषणे किती काळ साठवली जातात, जाहिरातदारांना काही दिले जाते का आणि खाते बंद केल्यावर माहिती पुसली जाते का, हे वाचावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून माहितीच्या वापरासाठी संमती हा त्याचा मुख्य आधार आहे. दोघांपैकी कोणीही परवानगीशिवाय सत्राचे ध्वनिमुद्रण करू नये. हे बंधन तुमच्यावरही आहे.

व्हिडिओ, फोन की चॅट?

शक्य असेल तेव्हा व्हिडिओ. नेट कमकुवत असेल किंवा स्वतःचा चेहरा पडद्यावर पाहून संकोच होत असेल, तर फोन; काहींना डोळ्याला डोळा न भिडवता अधिक मोकळे बोलता येते. चॅटवर लिहिताना विचार सुटे होतात, पण सूर कळत नाही आणि काम संथ चालते.

मराठीतून थेरपी मिळते का?

मिळते, आणि ती आवर्जून मागावी. ऑफिसची भाषा इंग्रजी असलेली माणसेही वडिलांवरचा राग किंवा बालपणीची भीती यांबद्दल बोलू लागली की मराठीवर येतात. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी वळणाने बोलत असाल, तर प्रमाण भाषेचा आटापिटा करू नये. जात, धर्म, लैंगिकता किंवा अपंगत्व यांमुळे वाट्याला आलेले अनुभव सांगताना थेरपिस्ट ते ‘तुमचा गैरसमज असेल’ म्हणून झटकत असेल, तर भाषा एक असूनही तो माणूस तुमच्यासाठी योग्य नाही.

खर्च किती येतो? विम्यातून भरपाई मिळते का? मोफत सेवा आहेत का?

मोठ्या शहरांत खासगी सत्राचे शुल्क साधारणपणे ५०० ते ३,००० रुपयांच्या दरम्यान असते. बरेच थेरपिस्ट उत्पन्नानुसार सवलतीच्या काही जागा राखून ठेवतात, परंतु विचारल्याशिवाय ते कळत नाही. आठवड्याऐवजी पंधरवड्याने सत्र घेणे हाही मार्ग आहे. २०१७ च्या अधिनियमाने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच तरतूद करायला सांगितले आहे. पण सर्वसाधारण आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो आणि थेरपी बाह्यरुग्ण स्वरूपाची असते. म्हणून पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचा समावेश आहे का, एवढे नेमके पाहावे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी काही सत्रांचे पैसे स्वतः भरतात. अशा वेळी व्यवस्थापनाला नावे कळतात की केवळ एकूण संख्या, हे लेखी विचारून घ्यावे.

केंद्र शासनाची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे, आणि गरज भासल्यास तेथून तज्ज्ञांकडे जोडून दिले जाते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून फोन, मेल आणि चॅटवरून समुपदेशन करते. या सेवा एखाद्या कठीण रात्री किंवा सुरुवातीची दिशा मिळवण्यासाठी उत्तम आहेत. दर आठवड्याला तोच थेरपिस्ट हवा असेल, तर वेगळी सोय पाहावी लागते.

औषधेही ऑनलाइन मिळतात का?

मार्च २०२० मध्ये आलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवरून तपासून काही औषधे लिहून देऊ शकतात. मात्र औषधविषयक नियमांच्या परिशिष्ट ‘एक्स’मधील, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेली औषधे अशा पद्धतीने देण्यास मनाई आहे. थेरपिस्ट डॉक्टर नसेल, तर औषध सुरू करणे, वाढवणे किंवा बंद करणे यांबद्दल त्याने काहीही सुचवू नये, आणि बरे वाटू लागले म्हणून तुम्हीही ते परस्पर थांबवू नये.

मुलांसाठी ऑनलाइन थेरपी घ्यावी का?

अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. दहावी-बारावीच्या मुलांशी व्हिडिओवरून चांगले काम होते, पण लहान मुले खेळातून व्यक्त होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रत्यक्ष भेट बरी. सत्र चालू असताना दाराशी उभे राहून ऐकू नये आणि नंतर ‘काय बोललास?’ असा तपासही करू नये. पालकांना काय सांगितले जाईल आणि काय मुलापुरते राहील, हे थेरपिस्ट तिघांसमक्ष ठरवतात.

मी परदेशात राहतो. भारतातील मराठी थेरपिस्टशी काम करता येईल का?

अमेरिकेत थेरपीचा परवाना राज्यनिहाय असतो आणि तुम्ही ज्या राज्यात बसून बोलता तेथील परवाना असणे अपेक्षित असते, जो भारतातील थेरपिस्टकडे सहसा नसतो. त्यामुळे तेथील विमा भरपाई देणार नाही, आणि संकटकाळी भारतातला थेरपिस्ट तुमच्या गावी मदत पाठवू शकणार नाही. अमेरिकेत अशा वेळेसाठी ९८८ हा क्रमांक आहे. एकटेपणा, इकडच्या आईवडिलांची काळजी किंवा घरच्यांशी ताणलेले संबंध अशा विषयांसाठी मराठीतून बोलण्याचा लाभ मोठा असतो. परंतु गंभीर लक्षणांसाठी स्थानिक परवानाधारकच गाठावा. वेळ ठरवताना न्यूयॉर्क आणि भारत यांतले अंतर उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तासांचे होते, हे विसरल्यामुळे नोव्हेंबर आणि मार्चमध्ये सत्रे चुकतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटवर बोलणे पुरेसे नाही का?

रात्री दोन वाजता मनातले उतरवून काढायला किंवा विचारांची वही भरायला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण त्या यंत्रणेला नोंदणी नाही, गोपनीयतेचे व्यावसायिक बंधन नाही, आणि तुमचे म्हणणे उचलून धरण्याकडे तिचा कल असतो. उलट, थेरपिस्टला अनेकदा तुम्हाला न आवडणारे सांगावे लागते. संकटाच्या वेळी तिच्यावर अजिबात विसंबू नये.

थेरपिस्टशी जुळत नसेल तर काय करावे, आणि थेरपी थांबवायची कधी?

तीन-चार सत्रांनंतरही आपले म्हणणे पोहोचत नाही असे वाटल्यास ते आधी त्याच थेरपिस्टला सांगावे. बऱ्याचदा पद्धत बदलून गाडी रुळावर येते. न आल्यास दुसरा शोधावा, त्यात कृतघ्नपणा नाही. सत्रात सतत दुसरीकडे पाहणे, स्वतःच्याच घरच्या गोष्टी सांगत बसणे, धार्मिक उपाय सुचवणे किंवा सत्राबाहेर वैयक्तिक मैत्रीचे संदेश पाठवणे घडत असेल, तर संधी न देता थांबावे. थेरपिस्ट डॉक्टर असल्यास वैद्यक परिषदेकडे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास पुनर्वास परिषदेकडे तक्रार करता येते.

सुरुवातीला ठरवलेली उद्दिष्टे बहुतांशी गाठली गेली, अडचण आली तरी वही स्वतःहून उघडली जाते आणि सत्रात सांगण्यासारखे फारसे उरत नाही, अशा टप्प्यावर सत्रे पंधरवड्याने, मग महिन्याने घेत थांबता येते. पैसे संपले किंवा बदली झाली म्हणून मध्येच थांबावे लागले, तरी संदेशांना उत्तर देणे बंद करण्यापेक्षा एक शेवटचे सत्र घ्यावे. त्यात कोणत्या गोष्टींचा उपयोग झाला, त्रास परत येऊ लागल्याची पहिली चिन्हे कोणती आणि तेव्हा काय करायचे, हे पानभर लिहून घ्यावे, आणि तुमच्या नोंदी किती काळ जपल्या जातील व पुढच्या थेरपिस्टला हव्या असल्यास त्या कशा मागवायच्या, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.